चाकणच्या परीक्षेत माझे हात

चाकणला लिपी बघायला चाललोय, असं सांगितल्यावर आमचे सांगलीचे शेजारी म्हणाले, "शिलालेख सापडला काय तिथं?" मी म्हटलं, नाही, लिहिणारी माणसं अजून जिवंत आहेत. ते जरा नाराज झाले. मेलेल्या लिपीबद्दल माणसाला आदर असतो, चालू असलेल्या लिपीबद्दल शंका.

माझा स्वतःचा धंदा मेलेल्या लिपीचा आहे. मी टायपिंग आणि लघुलेखनाचा क्लास चालवतो. टायपिंगला अजून मुलं येतात. लघुलेखनाच्या बाकांवर मी भडंगाचे डबे ठेवतो. पण इतकी वर्षं कोणीही बोलो, ते बाक-वळणांच्या रेघांत पकडायचं, या सवयीमुळे माझ्या उजव्या तर्जनीला वेड लागलंय. मनात काही चाललं, विशेषतः धास्ती वाटली, की ती आपोआप डाव्या अंगठ्यावर रेघोट्या मारते. अंगठा नाही मिळाला तर हवेत मारते. बायकोला याची सवय झाली आहे. ही सवय मला चाकणला नडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझी भाची मृणाल जन्मापासून ऐकू शकत नाही. ती चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे. काही वर्षांपूर्वी ती खुणांची भाषा कागदावर लिहायला शिकली. मी आपला समजत होतो, रांगोळीसारखा छंद असेल. मग एक दिवस तिचा मेसेज आला: "मामा, तुझ्या परीक्षांचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग आहे. ये."

प्रकरण असं होतं. तिच्या लाइनवर सचिन नावाचा एक कर्णबधिर तरुण होता, लातूरकडचा. मशिनवर हात चांगला, पण कायम होण्यासाठी एक लेखी परीक्षा असते, मराठीत किंवा हिंदीत, आणि तिच्यात तो दोनदा नापास झालेला. त्याची भाषा हातांची. मराठी त्याला कधीही न ऐकता, नुसती फळ्यावर बघून शिकावी लागली. तिसरी परीक्षा शेवटची. मृणालने प्रशिक्षण विभागाच्या गायकवाडसाहेबांच्या मागे लागून मागणी केली, की सचिनला उत्तर त्याच्या भाषेत, तिच्या लिपीत लिहू द्या. साहेब म्हणाले, तपासणार कोण?

तिने मला विचारलं. मी सांगलीत बसून ऐटीत उत्तर पाठवलं: आम्ही लघुलेखन तपासतो तसं. एकानं लिहायचं, खोलीत नसलेल्या दुसऱ्यानं वाचायचं. वाचणाऱ्याला बरोबर कळलं तर ते लेखन. वाचणारंच कुणी नसेल तर त्या नुसत्या रेघोट्या.

गायकवाडांना हा नियम इतका आवडला, की नियमवाल्यालाच बोलवा म्हणाले. म्हणून तो 'ये'चा मेसेज.

काळेवाडी

माझी बहीण शालन काळेवाडीत राहते. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरातली फोडणी आपल्या भाजीला पुरावी. तिच्या दाराची बेल वाजत नाही. बटण दाबलं की आतला दिवा उघडझाप करतो. मी दर वेळी हे विसरतो आणि आवाज येत नाही म्हणून बटण आणखी जोरात दाबत राहतो. या वेळी मृणाल हातात उलथनं घेऊनच दार उघडायला आली. तिला वाटलं, वायरिंग पेटलं.

जेवायला पिठलं-भाकरी होती. ताट सरकवून मृणालने कागद पुढे केला. वरून खाली उभ्या ओळी. प्रत्येक खुणेत एखादं वर्तुळ, म्हणजे चेहरा. त्यावर भुवया, ओठ. बाजूला हातांचे आकार, तळवा दिसत असेल तर पांढरा, हाताची पाठ दिसत असेल तर काळा. हात कुठे टेकला तर तिथे फुली-चांदणी. आणि बाण. एकेरी रेघेचा बाण म्हणजे हात पुढे किंवा मागे जातो, दुहेरी रेघेचा म्हणजे वर किंवा खाली. परदेशात नाचाच्या हालचाली टिपता टिपता कुणाला तरी हे सुचलं, असं तिने मोबाइलवर टाइप करून सांगितलं. आम्ही दोघं असेच बोलतो. ती टाइप करते, मी तोंड मोठं करून बोलतो, आणि अडलं की शालन मध्ये पडते.

"एक लक्षात ठेव," तिने टाइप केलं. "लिहिणाऱ्याच्या बाजूनं लिहायचं. समोरून बघणाऱ्याच्या नाही. माझा उजवा तो कागदावरही उजवा."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला सगळ्या भाषांत येतं.

मृणाल आत गेल्यावर शालन भांडी आवरता आवरता हळू आवाजात म्हणाली. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्या घरात ही हळू आवाजात का बोलते, ते मला आजवर कळलेलं नाही.

"दादा, मला झोप लागंना झालीय. पोरगा मराठीत बसला असता तर रडतखडत का होईना, सुटला असता कदाचित. हिनं त्याला आपल्या लिपीवर बसवलंय. शेवटची संधी आहे त्याची. उद्या काही झालं तर तो गावाला जाईल, आणि ही आयुष्यभर स्वतःला खाईल."

"तो तयार आहे ना?"

"तो हिच्यावर विश्वास टाकून तयार आहे. तेच तर."

मी तिला धीर दिला. माझी तर्जनी अंगठ्यावर धावत होती.

पिंपळे सौदागर

रविवारी मृणाल मला आणि शालनला तिच्या कर्णबधिर मंडळींच्या बैठकीला घेऊन गेली. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ते जमतात, कारण त्यांच्यातले एक, दिलीपकाका, तिथे राहतात. दारावर नोटीस होती: 'कृपया आवाज करू नये.' मला वाटलं, इथे ही नोटीस वाया गेली. आत गेलो तर टेबलं बडवली जात होती, लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटले जात होते, आणि माणसं पोट धरून हसत होती. नोटीस त्यांच्यासाठीच लावली होती, हे नंतर कळलं.

सांगलीहून नेलेलं भडंग मी कांदा-लिंबू घालून कालवलं आणि पाहुणा या नात्याने उत्साहाने प्रत्येकाच्या हातात एकेक द्रोण दिला. दोन मिनिटांत सभा चिडीचूप. मला वाटलं, काय चव लागली आहे! माझ्याकडे बघणाऱ्या तीसेक डोळ्यांत मात्र कौतुक दिसेना. एका हातात द्रोण, दुसऱ्याला तेल-तिखट. मी सगळ्या सभेची तोंडं बंद केली होती. मृणालने कोपराने टेबल दाखवलं. द्रोण खाली ठेवले गेले, हात पुसले गेले, आणि मग जो काही गलका उठला तो सगळा माझ्याविषयी होता. शालनने त्याचं भाषांतर करायला नकार दिला.

सचिन तिथेच भेटला. उजव्या गालावर खळी. त्याचं खुणेतलं नावही तेच, उजव्या गालाला टेकवलेलं बोट. तो हसत होता, पण खळी पडेल इतकं नाही.

मग दिलीपकाकांनी विषय काढला. हे पांढऱ्या मिशांचे, कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे हात मोठे, बोलणं सावकाश. शालन माझ्या कानात भाषांतर करत होती.

"लिपी कशाला? आता मोबाइल आहे. व्हिडिओ काढा, पाठवा."

मृणाल म्हणाली, "परीक्षेच्या पेपरावर नाव झाकतात. व्हिडिओतला चेहरा कसा झाकणार? आणि चुकलं तर कागदावर खोडता येतं."

"सरकारनं आपली भाषाच अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीत घेतली नाही. तू लिपी घेऊन कुठं निघालीस? आपल्यातल्याच किती जणांना येते?"

"मोजकेच. म्हणून तर कुठंतरी चालली पाहिजे."

काकांनी जरा वेळ हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "लिपी नापास झाली तर लिपीला गावाला जावं लागत नाही. सचिनला जावं लागेल."

सगळ्यांनी सचिनकडे बघितलं. मृणालने खाली बघितलं. आणि अचानक दिलीपकाकांनी माझी दोन्ही मनगटं धरली.

"हे काय बोलताहेत?" त्यांनी शालनला विचारलं.

मी काहीच बोलत नव्हतो. माझी तर्जनी बोलत होती. त्या लोकांत हलणारा हात म्हणजे बडबड. तुम्ही कुणाच्या गंभीर बोलण्यात मोठ्याने गाणं म्हणाल का? मी मघापासून तेच करत होतो, आणि बेसूर. सचिनने माझी नक्कल केली, अंगठ्यावर बोट गिरवलं आणि चेहरा बावळट केला. खळी पडली. सभेने टेबल बडवून मान्यता दिली. हे माझं नाव ठरलं.

घरी परतताना मृणालने टाइप केलं: "मामा, उद्या हात खाली. प्लीज."

मी म्हटलं, ते काय अवघड आहे.

चाकण

सकाळी कंपनीच्या बसने निघालो. रस्त्यावर कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर एकमेकांना चिकटून उभे, आणि पलीकडे डोंगराची कड, जिच्याकडे कुणाला बघायला सवड नाही. सांगलीत ट्रॅफिक अडकलं की लोक खाली उतरून तोंड सोडतात. इथे लोक झोपतात. सचिन माझ्या शेजारी होता. तो झोपला नव्हता. खिडकीच्या धुळीवर बोटाने छोटी वर्तुळं काढत होता आणि पुसत होता.

गायकवाडसाहेब चाळिशीचे, इस्त्रीचे आणि थकलेले. "सर, मला यांच्याविषयी वाईट काही नाही," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "पण उद्या वरच्यांनी विचारलं, की हा पोरगा कशावर पास केला, तर मला दाखवता आलं पाहिजे. तुमचा नियम मला पटला. दुसऱ्यानं वाचलं पाहिजे."

वाचणारी मृणाल, म्हणून तिला कँटीनमध्ये बसवलं. सचिनला ट्रेनिंग रूममध्ये. प्रश्न: अमुक मशिन सुरू करण्याआधी काय काय तपासाल, क्रमाने लिहा. मला सचिनच्या समोरची खुर्ची दिली. मी हात मांडीवर ठेवले.

सचिन लिहू लागला. वर्तुळ, हात, बाण. मध्येच थांबला. खोडलं. मला शालन आठवली. तो गावाला जाईल आणि ही स्वतःला खाईल. त्याने पुन्हा खोडलं. मी मनात म्हटलं, लिही रे बाबा, येतंय तुला, लिही. त्याने वर बघितलं. माझ्याकडे. परत खाली. परत वर. मला वाटलं, धीर मागतोय. म्हणून मी डोळे मोठे करून, भुवया उंचावून त्याला धीर दिला.

"थांबा," गायकवाड म्हणाले.

ते माझ्या मांडीकडे बघत होते. तिथे हात नव्हते. हात कधीच टेबलावर आले होते आणि तर्जनी हवेत सपासप चालली होती.

"सर, तुम्ही त्याला उत्तर सांगताय."

"छे हो, मला ती भाषा येतच नाही."

"मग हे काय?"

"सवय आहे. लघुलेखन."

"ते काय असतं?"

माझ्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं मी एका वाक्यात समजावून सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "आत्ता हवेत जे लिहिलंत ते इथं लिहा."

मी लिहिलं. दोन बाक, एक आकडी, एक टिंब. खाली मराठीत लिहिणार तोच ते म्हणाले, "तुम्ही नाही सांगायचं. हे वाचणारं दुसरं कोण आहे?"

त्यांनी खरंच फोन फिरवला. ऑफिसात विचारलं, अकाउंट्समध्ये विचारलं. त्या अख्ख्या कंपनीत, आणि माझा अंदाज आहे त्या अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात, ते वाचणारं कुणी नव्हतं.

"तुमचाच नियम आहे सर," गायकवाड म्हणाले. त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "वाचणारं कुणी नाही. मग मी याला लिपी कसं म्हणू? मला तर हे खुणा करणंच वाटतंय."

सचिन आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला एवढंच कळलं होतं, की त्याचा कागद साहेबांनी उलटा करून ठेवला आहे. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. दोनदा मराठीने नापास केलेला पोरगा तिसऱ्यांदा माझ्या बोटामुळे नापास होत होता.

मृणालला बोलावलं. साहेबांनी कागदावर लिहून विचारलं, मामांचे हात काय सांगत होते? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोबाइलवर टाइप करून पुढे धरलं: "काही नाही. यांचे हात नुसते बडबडतात. आम्ही यांचं नावच ते ठेवलंय." आणि सचिनला खूण केली. सचिनने अशा अवस्थेतही माझं नाव करून दाखवलं. अंगठ्यावर बोट आणि बावळट चेहरा.

गायकवाडांचे ओठ हलले. हसू आलं असावं, पण ते त्यांनी गिळलं.

"ती तुमची भाची आहे, तिचं मी धरू शकत नाही," ते म्हणाले. "पण पोराचं नुकसान नको. प्रश्न बदलतो. नवा प्रश्न सुपरवायझर देईल. आणि सर, तुम्ही इमारतीच्या बाहेर. गेटवर."

गेटवर

ज्या परीक्षेसाठी मी सांगलीहून गेलो, ती मी बघितलीच नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने मुख्य देवळाच्या बाहेर चपला सांभाळाव्यात, तसा मी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसलो होतो. वॉचमन बबनराव तिथलेच, जवळच्या गावचे. त्यांनी मला प्लॅस्टिकचं स्टूल दिलं.

"पाव्हणं, काय केलं वो? साहेबानं बाहेर काढलं म्हून इचारतो."

"हात हलवले."

"कुणावर?"

मी खुलासा केला. त्यांनी समजल्यासारखं केलं आणि चहा मागवला. "सचिन व्हय? गुणी पोरगं हाय. रोज येताना मला खुणंनं इचारतंय, जेवला का. मी बी खुणंनं सांगतो, न्हाई. रोज न्हाईच सांगतो. तेवढीच येती मला."

"तो आज नापास झाला तर जाईल," मी म्हटलं.

"कुठं?"

"गावाला."

बबनरावांनी गेटपलीकडच्या रस्त्याकडे बघितलं. "मग मला कोन इचारनार?" ते म्हणाले.

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. चहा निवला. उचलायला हात बाहेर काढायची भीती वाटत होती. शिफ्टचा भोंगा झाला, माणसं आत गेली, माणसं बाहेर आली, ही दोघं येईनात. शेवटी बबनरावच म्हणाले, "पाव्हणं, पाय हालतोय तुमचा. त्यो तरी बंद करा राव, स्टूल मोडंल."

दोघं आली तेव्हा मृणालच्या चालीवरून काही कळेना. गेटसमोरच्या टपरीवर तिने मोबाइल काढला आणि एकेक वाक्य टाइप करून दाखवू लागली. मी तिच्या अंगठ्यांकडे असा बघत होतो, जणू निकाल त्यांच्या टोकातून टपकणार आहे.

नवा प्रश्न होता, मशिन अडकलं तर काय कराल. सचिनने लिहिलं. त्याला बाहेर पाठवलं, तिला आत बोलावलं आणि त्याचा कागद हातात देऊन साहेब म्हणाले, यात लिहिलंय तसं कर. मशिन बंदच होतं. तिने मेन स्विच पाडल्याची कृती केली. किल्ली काढून खिशात टाकली. आणि मग मशिनला वळसा घालून मागे गेली, तिथे कुणी उभं असावं तसा हवेतच एका खांद्याला हात लावला, आणि परत आली.

"साहेब म्हणाले, हे आमच्या सूचनांच्या चार्टवर नाही. तू मनाचं करतेस."

तिने कागदावर बोट ठेवून दाखवलं. चेहऱ्याचं वर्तुळ, मागे वळणारा बाण, खांद्यावर चांदणी. मग साहेबांनी सचिनला बोलावून त्यालाच करायला सांगितलं. तोही मागे गेला. त्यानेही खांद्याला हात लावला.

"पण असं का?" मी विचारलं.

"मागे कुणी ओरडलं तर आम्हाला ऐकू येत नाही. आमच्यातलं कुणी मागे असेल तर त्यालाही येत नाही. म्हणून आम्ही जाऊन हात लावतो. चार्ट ऐकणाऱ्यांनी लिहिलाय."

"मग साहेब काय म्हणाले?"

"कागद बराच वेळ बघितला. म्हणाले, वर पाठवतो."

"म्हणजे पास?"

"म्हणजे वर पाठवतो."

सचिनने चहाचा ग्लास खाली ठेवला, हात पुसले आणि मला काहीतरी विचारलं. मृणालने भाषांतर केलं: "तो विचारतोय, मामा, वर ओळखीचं कुणी आहे का?"

वर म्हणजे कुठे, हेही मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. मान हलवून. हात खाली ठेवून.

सांगली

परत येऊन बरेच दिवस झाले तरी काही कळेना. मी शालनला फोन करायचो, ती म्हणायची, "दादा, तू विचारू नकोस बाई सारखं, मृणाल जेवत नाही." मग एका दुपारी क्लासमध्ये मुली टाइप करत होत्या आणि मोबाइलवर मृणालचा फोटो आला. कागदाचा. हाताने लिहिलेली एक उभी ओळ. बाकी अक्षर नाही.

मी लगेच लिहिलं: "मराठीत सांग." तिचं उत्तर: "वाच."

लिपी खरी की खोटी ते ठरवायला गेलेला माणूस मी. खुर्चीत बसलो आणि घाम पुसला. पहिली खूण, वर्तुळ, बोट, उजव्या गालावर चांदणी. सचिन. एवढं आलं. त्याखाली एक बोट आणि बाण. बाण! जातो. सचिन जातो. मी फोटो मोठा केला. बाणाला दोन रेघा होत्या. एक रेघ म्हणजे पुढे, दोन म्हणजे... मी बोट पुढे नेऊन बघितलं. मग बोट खाली करून बघितलं. खाली. जमिनीकडे. इथे. पुन्हा केलं. सचिन. इथे. त्याखाली चेहरा, ओठांची दोन्ही टोकं वर.

"सर, बरं वाटत नाही का?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. सगळ्यांचं टायपिंग थांबलं होतं. मी गालाला बोट लावून जमिनीकडे दाखवत होतो, आणि हसत होतो.

ओळीच्या तळाशी आणखी दोन खुणा होत्या. एकीत अंगठा आणि त्यावर गिरवणारं बोट. ते मी. दुसरीत दोन पालथे हात आणि दुहेरी बाण खाली. ते वाचायला मला क्षणही लागला नाही. इतक्यांदा ऐकलं होतं.

मी हात मांडीवर ठेवले. मग पुन्हा काढले, कारण उत्तर द्यायचं होतं. लघुलेखनाच्या वहीचं मागचं पान फाडलं. वर्तुळ काढलं, गालावर बोट, चांदणी, खाली दोन रेघांचा बाण. ओठ वर. फोटो काढून पाठवला आणि दहावीच्या निकालाची वाट बघावी तसा मोबाइलकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने मराठीत उत्तर आलं: "उलटं लिहिलंस. खळी डाव्या गालावर गेली."

आणि मग दुसरं: "पण सचिनला वाचता आलं."